दोन शेपट्यांचे महाराज

एका जंगलात, बाळांनो, वाघ राज्य करत होता. यात नवल काही नाही. जंगल म्हटलं की वाघ आलाच. नवल पुढेच आहे. या वाघाला दोन शेपट्या होत्या.

खोटं वाटतं? मग त्या जंगलात कुणालाही विचारा. प्रत्येक बिळात, प्रत्येक ढोलीत, आत शिरलं की समोरच महाराजांचा फोटो लावलेला असे. जरा धुरकट असे, पण शेपट्या दोन. शाळेतल्या पहिल्याच धड्यात लिहिलं होतं, "आपणांस एक शेपटी असते. महाराजांस दोन असतात. म्हणून ते महाराज." भांडण झालं, की खरं बोलणारा आणि खोटं बोलणारा दोघंही दोन्ही शेपट्यांची शपथ घेत.

प्रत्यक्ष महाराजांकडे बघून खात्री का नाही केली, असं विचाराल. तर राजासमोर मान खाली घालायची, असा तिथला रिवाज होता. मान खाली घातली की आपल्याला आपलेच पाय दिसतात. त्या जंगलातल्या प्रजेला स्वतःच्या पायांची फार बारकाईनं माहिती होती.

महाराजांकडे बघायची परवानगी होती एकट्या दरबारी फोटोग्राफरला. तो ससा होता. नाव निर्भयराव आणि आडनाव कापरे. घराण्यात आडनावच जास्त चालायचं.

निर्भयराव महाराजांसमोर उभे राहिले की डोळे घट्ट मिटून घेत. सुपात धान्य पाखडावं तसा त्यांच्या हातात कॅमेरा हलू लागे. तसाच हलता हलता ते बटण दाबत आणि घरी पळत. त्यांचे वडील असेच फोटो काढायचे. आजोबाही असेच. आणि प्रत्येक महाराजांना प्रत्येक फोटोत दोन शेपट्या येत होत्या.

असं सगळं सुरळीत चाललेलं असताना नदीपलीकडून मुंगूसशेठ दरबारात आले. त्यांनी कोटाच्या खिशातून एक कॅमेरा काढला. तो इतका सडपातळ होता की दिवाणसाहेबांनी व्हिजिटिंग कार्ड समजून तो आपल्याच खिशात घातला.

"कॅमेरा आहे, साहेब," मुंगूसशेठ म्हणाले. "डिजिटल. रोल नाही, काळं फडकं नाही. फोटो लगेच पाठीमागच्या काचेत दिसतो. आणि मुख्य म्हणजे यात इमेज स्टॅबिलायझेशन आहे. काढणाऱ्याचा हात हलला तरी फोटो हलत नाही."

दिवाणसाहेब म्हणजे तरस. ते हसले. तरस हसतं तेव्हा त्याला हसू आलेलं असतंच असं नाही, पण त्या दिवशी आलं होतं.

"याचं उद्घाटन आमच्याकडेच करू," ते म्हणाले. "पहिला फोटो महाराजांचा. सगळ्या प्रजेसमोर, मोठ्या पडद्यावर. काढतील आमचे कापरे."

मुंगूसशेठनी निर्भयरावांच्या हातांकडे पाहिलं. ते हात नुसत्या दिवाणसाहेबांच्या आवाजानंच लटलट कापत होते.

"याहून चांगली जाहिरात नाही," शेठ खुशीत म्हणाले. "यांना नीट जमला, तर कुणालाही जमेल."

निर्भयराव कॅमेरा घेऊन घरी आले. आधी घरातच करून बघावं म्हणून त्यांनी पत्नीचा, दुर्वाबाईंचा फोटो काढला. दुर्वाबाईंनी काचेत डोकावून पाहिलं. इतकं स्वच्छ स्वतःला त्यांनी कधी पाहिलं नव्हतं.

"अहो, माझा वरचा ओठ मधोमध फाटका आहे?"

"सगळ्याच सशांचा असतो," निर्भयराव म्हणाले.

"इतकी वर्षं संसार केलात. एका शब्दानं बोलला नाहीत."

त्या रात्री निर्भयरावांना उपाशी झोपावं लागलं. पण हे काहीच नाही, बाळांनो. खरी पंचाईत दुसऱ्या दिवशी सकाळी झाली.

महाराज पाणवठ्यावर आले होते. रंगीत तालीम म्हणून निर्भयरावांनी झुडपाआडून, नेहमीप्रमाणे डोळे मिटून, एक फोटो काढला. मग सुरक्षित जागी जाऊन काचेत पाहिलं. वाघ होता. पट्टे होते. शेपटी एक होती.

निर्भयरावांनी कॅमेरा उलटा करून पाहिला. हलवून पाहिला. दुसरी शेपटी आत कुठे अडकली असेल तर पडेल, असं त्यांना वाटलं. शेवटी ते धापा टाकत मुंगूसशेठकडे गेले.

"शेठ, तुमच्या कॅमेऱ्यानं महाराजांची एक शेपटी खाल्ली."

"हा काही खात नाही. जेवढं असतं तेवढं दाखवतो."

"तेच म्हणतोय मी. दुरुस्त होईल का?"

"बिघाड असेल तर दुरुस्त करू, कापरे. बिघाडच नाही, तर दुरुस्त काय करू?"

निर्भयराव घरी येऊन डोक्याला हात लावून बसले. दुर्वाबाईंचा राग तोवर निवळला होता. त्यांनी फोटो नीट पाहिला आणि म्हणाल्या, "त्यांना एकच असेल."

निर्भयरावांनी झटकन त्यांच्या तोंडावर हात ठेवला. भिंतीवरच्या दोन शेपट्यांकडे भीत भीत पाहिलं.

"बरं, राहिलं," दुर्वाबाई बोटांआडून म्हणाल्या. "मग तुम्ही आणखी जोरात कापा. तेवढं तर तुम्हाला येतं."

उद्घाटनाला झाडून सगळं जंगल लोटलं. दोन सागांच्या मध्ये मोठा पांढरा पडदा ताणला होता. वानरानं नारळ फोडला आणि खोबरंही त्यानंच खाल्लं. दिवाणसाहेबांचं भाषण इतकं लांबलं की ऊन उतरलं. मग महाराज येऊन चौथऱ्यावर बसले. सगळ्यांनी माना खाली घातल्या. निर्भयराव पुढे झाले.

ते आधी नेहमीसारखे कापले. मग मुद्दाम कापले. मग उड्या मारल्या. मग एका पायावर गिरकी घेतली. अंगात आल्यासारखे घुमले आणि घुमता घुमता बटण दाबलं.

फोटो पडद्यावर आला. राजाकडे बघायला बंदी होती, पडद्याकडे नव्हती. सगळ्यांनी माना वर केल्या.

पडद्यावर एक म्हातारा वाघ होता. मिशा विरळ झालेल्या. डोळ्यांखाली झोप न झाल्याच्या काळ्या खुणा. आणि शेजारी शांतपणे पसरलेली, टोकासकट स्पष्ट दिसणारी, एक शेपटी.

महाराजांनी मान वळवून पडद्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग अगदी हळू आवाजात विचारलं, "कापरे, माझ्या वडिलांचा फोटो कुणी काढला होता?"

"माझ्या वडिलांनी, महाराज."

"त्यांचे हात?"

"माझ्यासारखेच."

"म्हणजे बाबांनाही..." महाराज थांबले. त्यांचे डोळे भरून आले. "मला जन्मभर वाटत होतं, अख्ख्या घराण्यात मीच एक उणा. भिंतीवर बाबांच्या दोन शेपट्या, आजोबांच्या दोन. माझ्या फोटोतली दुसरी तुम्ही भीडेखातर काढत असाल, असं धरून चाललो. आणि मी आपला गादीवर बसून ही एकच अंगाखाली लपवतोय."

निर्भयरावांच्या जिवात जीव आला. आपली मान वाचली, असं त्यांना वाटलं. त्यांना वाटलं ते चूक होतं. कारण तेवढ्यात थोरला गवा उठून उभा राहिला.

"हा महाराजांचा अपमान आहे," गवा जमिनीकडे बघत म्हणाला. "आमच्या सात पिढ्यांनी दोन शेपट्यांपुढे मान वाकवली. एकाच शेपटीपुढे वाकवली, असं आता पोरांना कोणत्या तोंडानं सांगायचं?"

"अरे, पण मला एकच आहे," महाराज म्हणाले. ते उठले. प्रजेकडे पाठ करून त्यांनी शेपटी उंच धरली. "ही बघा. मोजा."

सगळ्यांनी आज्ञाधारकपणे माना आणखी खाली घातल्या.

आता दिवाणसाहेब पुढे आले. "महाराजांचा स्वभावच विनयशील आहे," ते म्हणाले. "दोष कॅमेऱ्याचा नाही. त्याची शेठनी हमी दिली आहे. दोष कापऱ्यांचा. फोटो स्थिर आला, म्हणजे यांचा हात कापला नाही. महाराजांसमोर हात कापला नाही, म्हणजे निष्ठा नाही."

"मी गिरक्या घेतल्या, साहेब," निर्भयराव रडकुंडीला येऊन म्हणाले. "सगळ्यांनी पाहिल्या."

कुणीच पाहिल्या नव्हत्या. सगळे पाय बघत होते.

"फोटो परत काढा," दिवाणसाहेबांनी फर्मावलं. "दोन शेपट्या आल्या तर तुम्ही दरबारी फोटोग्राफर. नाही आल्या तर उद्याची न्याहारी."

निर्भयराव परत कॅमेरा धरून उभे राहिले. या वेळी त्यांचे डोळे उघडे होते. समोर तोच म्हातारा बसला होता, बापाच्या फोटोला भिऊन जन्म काढलेला. निर्भयरावांना त्याची फार कीव आली. आणि बाळांनो, कीव आली की भीती उठून जाते. जिवाची बाजी लागलेली आणि निर्भयरावांचे हात कधी नव्हे ते दगडासारखे स्थिर.

"थोडा घाबर की रे," महाराज कुजबुजले.

"प्रयत्न करतोय, महाराज."

"डरकाळी फोडू का?"

"नको. तुमचा घसा बसलाय."

महाराजांनी निरुपायानं समोर नजर टाकली. समोर सगळी प्रजा माना खाली घालून उभी होती. पुढच्या रांगेत गवे होते. गव्यानं मान खाली घातली की त्याची शिंगं बरोबर समोरच्याच्या छातीवर रोखली जातात. इतकी वर्षं राज्य केलं, पण हे महाराजांच्या आज पहिल्यांदाच लक्षात आलं. शिंगं खूप होती. आणि त्या सगळ्यांना दोन शेपट्या हव्या होत्या.

महाराजांना कापरं भरलं. आधी मिशा थरथरल्या, मग पाठ, मग शेपटी इकडून तिकडे लटलट हलू लागली.

निर्भयरावांनी स्थिर हातानं बटण दाबलं.

पडद्यावर फोटो आला. जरा धुरकट होता. शेपट्या दोन होत्या. नीट पाहिलं तर तिसरीही निघू बघत होती.

"हे आमचे महाराज," गवा गहिवरून म्हणाला आणि त्यानं डोळे पुसले.

"म्हणजे काय आहे, आमची सोय काढणाऱ्याच्या हातासाठी आहे," मुंगूसशेठ घाईघाईनं सांगू लागले. "समोरचाच कापत असेल तर..." एवढ्यात त्यांच्या पायावर दिवाणसाहेबांचा पाय पडला. शेठ गप्प झाले. आणि त्या संध्याकाळी त्यांचे सगळे कॅमेरे खपले.

निर्भयराव शाल आणि नारळ घेऊन घरी आले. दुर्वाबाई दारातच उभ्या होत्या.

"कापलात ना नीट?" त्यांनी विचारलं.

"कापणं झालं," निर्भयराव म्हणाले आणि आत गेले. भिंतीवरच्या फोटोकडे त्यांनी त्या दिवसापासून कधी मान वर करून पाहिलं नाही. भीतीनं नाही. त्यांना लाज वाटायची.

तात्पर्य: सत्य कितीही झाकलं तरी एक ना एक दिवस उजेडात येतंच. तसं ते आलंच, तर घाबरून जाऊ नये. फोटो परत काढावा.