तबकडी मंडळाची परीक्षा

गुरप्पा दुसऱ्यांदा नापास झाला, तेव्हा आबासाहेबांना त्याची दया आली. त्यांनी त्याला बाहेर पायरीवर बसून ऐकायची परवानगी दिली.

विजयमालाबाईंच्या गाण्यावर जीव टाकणाऱ्यांचं सोलापुरात एक मंडळ होतं, आणि मंडळाचा तबकड्या वाजवायचा फोनो आबासाहेबांच्या दिवाणखान्यात होता. आत बसायचं तर तोंडी परीक्षा द्यावी लागे. अक्कलकोटहून येऊन घोंगड्यांचं दुकान टाकलेल्या गुरप्पाचं प्रत्येक प्रश्नाला एकच उत्तर, "आवाज लई गोड लागतोय की!"

"गोड जिलबीही लागते," आबासाहेब म्हणायचे.

त्या रविवारी खुद्द बाई मंडळाच्या निमंत्रणावरून गायला येणार होत्या. गुरप्पाला घर राखायला ठेवून मंडळ हार घेऊन स्टेशनवर गेलं. बाईंना कुणीच पाहिलेलं नव्हतं. पण असल्या आवाजाची बाई उंच, गोरी, भरदारच असणार, हे एकमताने ठरलं होतं. गाडीतून एक किरकोळ, सावळी बाई उतरली, तेव्हा "जरा बाजूला व्हा हो, आमच्या बाई यायच्यात," असं आबासाहेबांनीच तिला सांगितलं.

ती बाजूला झाली आणि टांगा करून पत्त्यावर आली.

"समदी टेसनावर गेल्यात. बसा की," गुरप्पा पायरीवर सरकून म्हणाला. "गाणं ऐकायला आलाय व्हय? आत जायाला परीक्षा हाय बगा. विजयमालाबाईंवर."

बाईंनी पदराने हसू झाकलं. "मग मीही देते."

एवढ्यात मंडळ सुकलेला हार घेऊन परतलं. या बाईंना परीक्षा द्यायचीय, असं गुरप्पाने सांगताच आबासाहेबांना मात्र तरतरी आली.

"बाईंची पहिली तबकडी कुठल्या रागातली?"

"यमन."

"चूक. भैरवी."

"भैरवी आधी विकायला आली. पण आधी गायला होता यमन—"

"परीक्षेत वाद नको! त्या भैरवीत बाई मधेच क्षणभर थांबतात. का?"

या थांबण्यावर कुंडलिकराव वकिलांनी मंडळात व्याख्यान दिलं होतं. विरहिणीचा श्वास, असं त्याचं नाव होतं. सगळ्यांनी आदराने डोळे मिटले.

"खोकला आला होता," ती म्हणाली.

"नापास!" कुंडलिकराव किंचाळले.

तेवढ्यात घोड्याला पाणी पाजून टांगेवाले राजेसाब दारात आले. "विजयमालाबाई, तुमचा तंबोरा कुटं उतरवू?"

मग आबासाहेबांनी पुढे होऊन तोच सुकलेला हार बाईंपुढे धरला. "बाई, आपण... आपण पास!"

"आणि हे?" बाईंनी गुरप्पाकडे पाहिलं.

"तेही पास! या गुरप्पाशेठ, आत या."

गुरप्पा जागचा हलला नाही. "नगं मालक, हितंच बरं हाय. आत तुमी लई बोलताय, गाणंच ऐकू येत न्हाय."

बाईंनी क्षणभर विचार केला, तंबोरा पायरीवरच मागवला आणि तिथेच जुळवायला घेतला. जागा धरायला आत धावलेलं मंडळ मग एकेक करून, चपला शोधत, बाहेर आलं.

"जरा सरकता का?" आबासाहेबांनी गुरप्पाला हळूच विचारलं.