मास्तरांचं चुकून झालेलं निधन

एर्मेते बोस्की पाव आणायला निघाले आणि बेकरीच्या कोपऱ्यावर त्यांना स्वतःच्याच मरणाची बातमी वाचायला मिळाली. काळ्या चौकटीचा कागद भिंतीवर नुकताच डकवला होता, खळ अजून ओली होती. 'एर्मेते बोस्की, निवृत्त शिक्षक, वय ७६, अल्प आजाराने निवर्तले. शोकाकुल पत्नी इओलांदा. अंत्यविधी उद्या दुपारी तीन वाजता.'

खरं तर वारला होता त्यांचा मेहुणा रेनाल्दो, इओलांदाचा एकुलता एक भाऊ. काल सकाळी, इस्पितळात.

मास्तरांनी कागद दोनदा वाचला. शुद्धलेखनाची चूक एकही नव्हती. मग ते आत गेले.

बेकरीवाल्या मिरेलाच्या हातातला चिमटा खाली पडला. "मास्तर," ती हळूच म्हणाली, "तुम्ही गेलात ना?"

"अजून नाही. अर्धा किलो पाव दे."

"अहो, मी आत्ताच रडून मोकळी झाले." तिने डोळे पुसले आणि मग तिला राग आला. "नाव तुम्हीच सांगितलं असणार. मेलेल्याच्या जागी स्वतःचं!"

"तसंच झालं असेल," मास्तर म्हणाले.

रांगेतल्या म्हाताऱ्या पिएरोला तेवढंच पुरलं. "हा माणूस चंद्रावर राहतो. फक्त पाव घ्यायला खाली उतरतो. बायकोला रोविगोच्या स्टेशनावर विसरून एकटा घरी आला होता, आठवतंय?"

"तरी ते जुनं झालं," मिरेला म्हणाली. "गेल्या महिन्यात गॅस चालू ठेवून फिरायला गेले, बंबवाले आले. इतका वेंधळा माणूस मी पाहिला नाही. मास्तर, डोकं धडाला शिवलेलं आहे म्हणून बरं, नाहीतर तेही कुठेतरी ठेवून आला असता."

मास्तर पाव विसरून बाहेर पडले आणि परत येऊन घेऊन गेले. दोन्ही वेळा दुकान हसलं.

पण कागद एक नव्हता, चाळीस होते. नदीच्या बांधापासून शाळेच्या फाटकापर्यंत मास्तर सगळीकडे वारले होते. शाळेने झेंडा अर्ध्यावर आणला होता. चर्चची घंटा वाजायला लागली तेव्हा ते चौकात होते. सायकलवरच्या एका बाईने त्यांना पाहिलं, छातीवर क्रूस काढला आणि औषधाच्या दुकानापुढच्या कुंडीवर जाऊन आदळली. मास्तरांनी तिला उठवायला हात पुढे केला, तर ती नको म्हणून रांगत मागे सरली.

घरी स्वयंपाकघर भरलं होतं. पाच शेजारणी, पाद्री फाउस्तो, आणि मधोमध इओलांदा. ती रडत होती. भावाच्या निधनावर काल तिच्या डोळ्यांतून टिपूस आलं नव्हतं. आज ती हुंदके देत होती, आणि ते हुंदके नवऱ्यासाठी होते.

दारात मास्तर दिसले तशी ती उठली. तिने त्यांचा चेहरा दोन्ही हातांनी चाचपला. "कुठे होतास? हे सगळे म्हणतात तू गेलास."

"पाव आणायला गेलो होतो."

मग सगळ्यांना एकदम तोंड फुटलं. धांदरट, बेभान, झोपेत चालणारा. पाद्री फाउस्तोंनीसुद्धा, देवाची क्षमा मागून, एक शब्द वापरला. सगळ्यात मोठा आवाज इओलांदाचा होता. "पन्नास वर्षं मी याच्या मागे धावतेय," ती म्हणाली. "कुठे काय बोलतो याला भान नाही."

तेवढ्यात घामाघूम झालेला सिल्वानो आला. गावातले अंत्यविधी तोच बघायचा. त्याच्या हातात काल लिहून दिलेला कागद होता. "मास्तर, माझी चूक नाही. नाव तर इथे स्वच्छ—"

"मीच लिहून दिलं," मास्तर म्हणाले. त्यांनी तो कागद घेतला, घडी घालून खिशात टाकला आणि सिल्वानोला जिन्यापर्यंत सोडायला गेले.

जिन्यात सिल्वानो थांबला. "तुम्ही तेव्हा आत रेनाल्दोपाशी बसला होतात. लिहिलं बाईंनी. माझ्यासमोर."

"हो."

"आणि गॅस?"

"तोही. हरवलेल्या किल्ल्याही. वर्ष झालं."

"लोक तुम्हाला काय काय म्हणतात."

"माझं नाव आधीच खराब आहे, सिल्वानो. त्यात आणखी भर पडली तर कोणाला कळतंय?"

सिल्वानोने टोपी काढली, पुन्हा घातली आणि चाळीस नवे कागद छापायला गेला.

मास्तर वर आले तेव्हा शेजारणी निघून गेल्या होत्या. इओलांदा शांतपणे पाव कापत होती.

"रेनाल्दोला फोन कर," ती म्हणाली. "तू ठीक आहेस म्हणून सांग. त्याने कागद पाहिला तर उगाच घाबरेल."

मास्तरांनी फोन हातात घेतला. "नंबर लक्षात नाही," ते म्हणाले.

"सख्ख्या मेहुण्याचा?" ती हसली आणि तिने एकेक आकडा सावकाश सांगितला, एकही न चुकता. मास्तरांनी तो फिरवला. नदीपलीकडच्या बंद घरात घंटी वाजत राहिली, आणि ते कानाला फोन लावून ती ऐकत राहिले.

"उचलत नाही," शेवटी ते म्हणाले.

"बाहेर गेला असेल," इओलांदा म्हणाली. "ये, जेवून घे."