कुलपाला बोलावणं

कुलपाला कुंकू लावून सभेचं बोलावणं करणारा माणूस सगळ्या म्हैसुरात एकच. आमचा नागोजीराव.

आमच्या मराठी संघाचा तो सेक्रेटरी आणि मी अध्यक्ष. माझी शाळा चौथीत सुटली, ती पण कन्नड शाळा. पुढचा जन्म बेळगोळच्या कारखान्यात वेल्डिंग करण्यात गेला. पण आमचे वाडवडील राजाच्या घोडदळात होते, आणि घोड्यावर बसायला मॅट्रिकचं सर्टिफिकेट लागत नाही. संघ चालवायलाही लागत नाही. संघाला माणसं लागतात. भांडायचं झालं तरी आधी माणसं जमवावी लागतात.

ती जमवायचं काम नागोजीचं. वर्षाच्या सभेआधी तो जरीचा पेटा बांधायचा. बरोबर बायको तुंगाबाई. तिच्या हातात कुंकवाची डबी, याच्या हातात अक्षतांची वाटी. घरोघर जायचे. ती घरच्या बाईला कुंकू लावायची, हा पुरुषाच्या हातावर अक्षता ठेवायचा आणि म्हणायचा, "सभेला यायचं हं. सुम्ने सांगत नाही, बोलावतोय." सुम्ने म्हणजे कन्नडात उगीच. तो शब्द याच्या तोंडात विड्यासारखा कायम असायचा. सुम्ने कुणाकडे जायचं नाही, सुम्ने कुणाला बोलवायचं नाही, फोटो काढताना सुम्ने हसायचं पण नाही.

आमच्या जुन्या घरांत बोलावण्याला लगेच हो म्हणत नाहीत. "घरात विचारून सांगतो" म्हणायचं, आत जायचं, मग बाहेर येऊन हो म्हणायचं. माझं लग्न व्हायचं होतं तेव्हा मी आत जाऊन मांजराला विचारून यायचो. आणि उत्तर येईपर्यंत बोलावणाऱ्याने बसायचं नाही, पाणी घ्यायचं नाही. एकदा नागोजी माझ्या दारात घाम पुसत उभा. मी म्हटलं, "बस रे, मी काय विचारायचंय, मीच अध्यक्ष."

"अध्यक्ष तिकडे हॉलात. इथे तू मेंबर. जा, विचारून ये."

गेलो. बायको म्हणाली, "जावा की, घरात बसून तरी काय दिवे लावताय?"

मग तुंगाबाई वारली. आम्हाला वाटलं, आता हा काही फिरत नाही. पण फिरला. बाई समोर आली की मान खाली घालून डबी पुढे करायचा, "तुमच्या हाताने घ्या अक्का." आणि दाराला कुलूप दिसलं, की मात्र स्वतःचं बोट बुडवायचा. कुलपाला कुंकू, उंबऱ्यावर अक्षता, नमस्कार. मी विचारलं, "अय्यो, कुलूप येणार का सभेला?"

"कुलूप घराचंच ना? घरच्यांना सांगेल."

जुन्या घरांना हे ठाऊक होतं. परत आले, कुलूप लाल दिसलं, की समजायचं, नागोजी येऊन गेला. घोटाळा झाला गावातल्याच विजयनगर वस्तीत. तिथे मंदार म्हणून पुण्याचा पोरगा राहतो, कंप्युटरवाला. संघात नवीनच आलेला. नवरा-बायको बैलकुप्प्याला तिबेटी लोकांचा मठ बघायला गेली होती. परत येऊन बघतात तर कुलपाला लाल आणि उंबऱ्यावर तांदूळ. पोरगी घाबरली, कुणीतरी करणी केली म्हणून. शेजाऱ्याच्या कॅमेऱ्यात बघितलं. पेटा घातलेला म्हातारा कुलपाशी बोलतोय, हात जोडतोय, आणि उत्तराची वाट बघत उन्हात उभा राहिलाय. पोरगीने माहेरी जायची बॅग भरली. शेवटी मी जाऊन सांगितलं, "अगं पोरी, करणी नाही ती. मीटिंग आहे." तेव्हा हसून हसून तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

हसणं तिथवरच. पुढच्या वर्षी मंदार कमिटीत आला. म्हणाला, "काका, नागोजीकाकांना उन्हात कशाला फिरवायचं? ग्रुपवर मेसेज टाकू. एका बोटाचं काम." पोराच्या मनात वाईट नव्हतं. म्हाताऱ्याचे सुजलेले पाय त्याला दिसत होते. मतं घेतली. सगळे हात त्याच्या बाजूने, माझा एकट्याचा विरोधात. चहा येऊन गेला तरी मी हात खाली घेतला नाही.

"काका, मोजून झालंय."

"तुझं झालं असेल," मी म्हटलं.

नागोजीने हातच वर केला नाही. "आयितु," एवढंच म्हणाला. झालं. आणि चष्मा पुसत बसला. चष्मा स्वच्छच होता.

सभेच्या दिवशी हॉल भरला. खोटं कशाला लिहू, नागोजीच्या कुंकवाने इतकी माणसं कधी आली नव्हती. फक्त सेक्रेटरीची खुर्ची रिकामी. मंदारने फोन लावला, उचलेना. "मेसेज तर वाचलाय काकांनी," तो म्हणाला, "निळ्या खुणा आल्यात." मी सभा तशीच थांबवून ठेवली, काठी घेतली आणि निघालो. त्याचं घर मागच्याच गल्लीत.

दार उघडं होतं. नागोजी बाहेरच्या कट्ट्यावर बसलेला. जरीचा पेटा, इस्त्रीचा कोट, पायात मोजे.

"चल रे, सगळे खोळंबलेत."

"मला कुणी बोलावलं?"

"तू सेक्रेटरी! सेक्रेटरीला कोण बोलावतं?"

"ती बोलवायची."

तो पायांतल्या मोज्यांकडे बघत बोलला, "शेवटचं घर आपलं. मला आत धाडायची आणि स्वतः पायरीखाली उभी राहायची. म्हणायची, सेक्रेटरीसाहेब, सुम्ने सांगत नाही, बोलावतेय. मी म्हणायचो, घरात विचारून सांगतो. मग हसायची. म्हणायची, घरातली तर बाहेर उभी आहे, विचारता कुणाला?"

"आणि ती गेल्यावर?"

"फिरायला निघताना दाराला कुलूप घालायचो. परत आलो की आधी कुलपाला कुंकू लावायचं, हात जोडायचे, मगच उघडायचं. बोलावणं येऊन गेलं समजायचं." त्याने उघड्या दाराकडे बघितलं. "यंदा फिरलोच नाही. कुलूप लागलंच नाही."

इतकी वर्षं मी कुलपाची थट्टा करत होतो.

डबी आणि वाटी खिडकीत होती. मी उचलली. पायरी उतरलो, चपला काढल्या, परत एक पायरी चढलो. गुडघे ओरडले, ओरडू दिले. त्याच्या कपाळाला कुंकू लावलं, हातावर अक्षता ठेवल्या.

"नागोजीराव, सभेला यायचं. सुम्ने सांगत नाही."

तोंडावर त्याला राव मी त्या दिवशी पहिल्यांदा म्हटलं. त्याने मूठ मिटली. उठला.

"घरात विचारून सांगतो," म्हणाला, आणि आत गेला.

माझ्या खिशात फोन वाजत होता, मंदारचाच असणार. कट्टा रिकामा होता, सावलीही होती. पण मी परत पायरीखाली उतरून उन्हात उभा राहिलो. उत्तर येईपर्यंत बोलावणाऱ्याने बसायचं नसतं.