दिगंबरची बदली

रामकिसननं आपली कादंबरी जेवणाच्या टेबलावर ठेवली, तेव्हा केशवरावांच्या वाटीतलं वरण हललं. एवढी ती जाड होती. झेरॉक्सच्या दुकानातून स्पायरल बाइंडिंग करून आणलेली आणि वर ठळक अक्षरांत नाव, ‘बारूद आणि अबोली’.

“ॲक्शन हाय, थ्रिलर हाय,” रामकिसन म्हणाला, “आन लव्हस्टोरी तर लई जोरात हाय. छापायच्या आधी तुमी एकदा नजर घाला. तुमी म्हणाल तसं करतो.”

दोघांनी अख्खी नोकरी एकाच सरकारी कार्यालयात, शेजारशेजारच्या टेबलांवर काढली होती. रिटायर झाल्यावर केशवराव उस्मानपुऱ्यातल्या फ्लॅटमध्ये पेपर वाचत बसले आणि रामकिसन मुकुंदवाडीतल्या घरी कादंबरी लिहीत बसला. मित्रावर त्याचा फार विश्वास. केशवरावांनी पास केलं म्हणजे झालं.

आता केशवरावांची वाचायची एक पद्धत होती. नोकरीत त्यांनी कुठलीही फाईल पहिल्या पानापासून वाचली नव्हती. मधूनच उघडायची, जे पान येईल त्यावर लाल पेनानं एक त्रुटी काढायची, सही करायची आणि पुढे सरकवायची. मधल्या पानावर त्रुटी दिसली की साहेबाला वाटे, या माणसानं सगळं वाचलंय. या पद्धतीवर त्यांना बढतीसुद्धा मिळाली होती. मग कादंबरीला वेगळा न्याय कशाला?

दुसऱ्या दिवशी चारचा चहा पिता पिता त्यांनी कादंबरी मधूनच उघडली. दौलताबादच्या घाटात मेजर समशेरच्या जीपमागे तस्करांच्या गाड्या लागल्या होत्या. समशेर दोन्ही हातांनी गोळ्या झाडत होता. अबोली त्याच्या जखमेला पदर फाडून बांधत होती. जीप चालवत होता समशेरचा मित्र दिगंबर, आणि या दिगंबरनं भर घाटात जीप थांबवली होती. का, तर चार वाजले होते आणि त्याची चहाची वेळ झाली होती. रणरणत्या उन्हाळ्यात त्याच्या खांद्याला छत्री लटकत होती. “एक मुद्दा आहे,” तो समशेरला सांगत होता, “गोळ्यांचा वापर जरा जपून करावा.”

“काय मूर्ख माणूस आहे,” केशवराव म्हणाले आणि कप खाली ठेवून त्यांनी लाल पेन काढलं. ‘सदर पात्र अनावश्यक. काढून टाकावे.’ खाली सही.

संध्याकाळी रामकिसन आला, तो दारातूनच त्यांचा चेहरा वाचत आला.

“एक मुद्दा आहे,” केशवराव म्हणाले. “कादंबरी उत्तम. फक्त तो दिगंबर काढा.”

“कोण, दिगंबर?”

“तोच. सगळे जिवाच्या आकांतानं पळताहेत आणि हा चहा पितोय. राग येतो त्याचा.”

“तुमाला आला राग?”

“भयंकर.”

“बाकी कसा वाटला? म्हंजी, माणूस म्हणून?”

“माणूस म्हणून तर त्याहून वाईट. स्वतःला फार शहाणा समजतो.”

रामकिसननं लाल पेनातला तो शेरा एकदा वाचला. मग म्हणाला, “बरं. तुमी म्हणता तर.”

पण दिगंबरला काढणं सोपं नव्हतं. खालची वीट ओढली की वरची भिंत डुगडुगावी, तसं कादंबरीचं झालं. रामकिसन पुन्हा पुन्हा येऊ लागला.

“मग जीप कोण चालवील? समशेरचे दोनी हात गुतलेत.”

“ऑटोमॅटिक जीप द्या.”

“ऑटोमॅटिकला बी माणूस लागतोच की.”

“मग अबोलीला बसवा.”

“तिनं पट्टी बांधायची का स्टेअरिंग धरायचं?”

पुढच्या खेपेला अडचण लग्नाची होती. “अबोलीचा बाप पोरगी द्यायला तयार नाय. दिगंबर छत्री घेऊन तिच्या गावाला जातो, बापाच्या ओट्यावर ठाण मांडून बसतो आन होकार घेऊनच उठतो. आता कोण जाणार?”

“कुणी जायला नको. समशेर पळवून नेईल तिला.”

“पळून येणाऱ्यातली सरू नव्हती,” रामकिसन बोलून गेला आणि घाईनं म्हणाला, “अबोली.”

केशवरावांचं लक्ष पेपरात होतं.

शेवटची अडचण दवाखान्यातली होती. “समशेरला गोळी लागती. दिगंबर रोज डबा आणतो, रात्री उशाशी बसतो. त्याच्या जागी कोण?”

“नर्स ठेवा.”

“नर्स डबा आणत नाय, केशवराव,” रामकिसन हळूच म्हणाला. पण गेला तो काढायलाच गेला.

कालिंदीताई स्वयंपाकघरातून हे सगळं ऐकत होत्या. “अहो, तुम्ही ती पूर्ण वाचलीत ना?” त्यांनी नवऱ्याला विचारलं.

“पूर्ण कशाला वाचायची? मुद्दा लक्षात आला ना.”

यथावकाश पुस्तक छापून आलं. उस्मानपुऱ्यातल्या एका छोट्या सभागृहात प्रकाशन झालं. जुन्या कार्यालयातली मंडळी आली होती. केशवराव प्रमुख वक्ते. त्यांनी छत्री खुर्चीला अडकवली आणि भाषणाला उभे राहिले. “एक मुद्दा आहे. या पुस्तकात माझं योगदान एवढंच, की मी यातला एक मूर्ख कमी केला.”

मंडळी पोट धरून हसली. रामकिसननं हात जोडले. पहिल्या रांगेतल्या सरूबाई, म्हणजे रामकिसनची बायको, तेवढ्या हसल्या नाहीत. चहापानाच्या वेळी त्या केशवरावांजवळ आल्या.

“भाऊजी, तुमी खरंच वाचलं व्हतं का?”

“म्हणजे काय. लाल पेनानं तपासलं.”

“मग तुमचं काळीज लई मोठं हाय. माणूस सोताच्या हातानं सोताला काढतो व्हय? माझ्या बापाच्या ओट्यावर तुमी बसले नसते, तर मी यांच्या घरात आलेच नसते.”

केशवरावांच्या हातातला समोसा हातातच राहिला.

घरी येऊन त्यांनी अडगळीतून ते स्पायरल शोधून काढलं आणि आयुष्यात पहिल्यांदा एखादी गोष्ट पहिल्या पानापासून वाचली. पहिल्याच पानावर अर्पणपत्रिका होती. ‘दिगंबरला. तो नसता तर ना माझं लग्न झालं असतं, ना मी दवाखान्यातून घरी आलो असतो.’ पुढे पानापानावर ते स्वतः होते. चहा पिणारे, मुद्दे मांडणारे, प्रत्येक वेळी चिडवलेले आणि एकदाही सोडून न दिलेले. इतक्या मायेनं त्यांच्याविषयी कधी कुणी बोललंही नव्हतं, आणि त्यांनी त्यावर सही ठोकून ते बाद केलं होतं. त्यांना स्वतःची फार लाज वाटली.

मग त्यांनी छापील पुस्तक घेतलं. त्यात अर्पणपत्रिका नव्हती. पण रामकिसनला दिगंबरला मारवलं नव्हतं, पुसून टाकणंही जमलं नव्हतं. सुरुवातीलाच एक ओळ होती, ‘दिगंबरची परभणीला बदली झाली होती.’ त्यानंतर समशेर एका हातानं जीप चालवत होता आणि एका हातानं गोळ्या झाडत होता. शेजारची सीट रिकामी होती. चार वाजले तेव्हा भर घाटात त्यानं जीप थांबवली, थोडा वेळ नुसता बसला आणि पुन्हा निघाला. का थांबला होता, ते लिहिलं नव्हतं.

केशवरावांनी रिक्षा केली आणि मुकुंदवाडी गाठली.

“रामकिसनराव, मी वाचली नव्हती.”

“म्हाईत हाय,” रामकिसन म्हणाला. “तुमच्या शेजारच्या टेबलावरच बसलोय ना मी. पण म्हणलं, ते एक पान तर वाचलंय. त्या पानावर तुमच्याबिगर दुसरं व्हतं कोण? वाटलं, माणसानं सोताला वळखलं आन त्याला ते आवडलं नाय. दुखावलं म्हणून काढा म्हणतोय. मग मी कशाला ठेवू?”

केशवरावांनी विचारलं, “ती बदली रद्द होईल का?”

“छापून झालं आता. दुसरी आवृत्ती निघाली तर बघू.”

तेव्हापासून केशवराव खांद्याला छत्री अडकवून, पिशवीत ‘बारूद आणि अबोली’च्या प्रती घेऊन गावभर हिंडतात. प्रती खपल्याशिवाय दुसरी आवृत्ती निघत नाही आणि दुसरी आवृत्ती निघाल्याशिवाय दिगंबर परभणीहून येत नाही.

परवा शहागंजात त्यांनी एका कापडाच्या दुकानदारापुढे पुस्तक धरलं. “पहिल्या पानापासून वाचा,” त्यांनी बजावलं. दुकानदारानं ते मधूनच उघडलं.

“काका, ये क्या है? मागं दुश्मन लागलेत आन हा बाबा गाडी थांबवून बसलाय. कुणासाठी?”

“माझ्यासाठी,” केशवराव म्हणाले.

दुकानदारानं त्यांच्याकडे पाहिलं, मग भर उन्हातल्या त्या छत्रीकडे पाहिलं, आणि पुस्तक हळूच परत केलं.