कुणाचं बटण किती

माइकची लेव्हल लावण्यात अख्ख्या लातूर जिल्ह्यात माझा हात धरणारा माणूस नाही, असं मी किल्लारीला जाताना जीपमध्ये शेजारच्याला सांगून टाकलं. त्यानं विचारलंही नव्हतं.

मांडीवर माझा नवा ऑडिओ इंटरफेस होता. म्हणजे चार माइक एकदम लॅपटॉपला जोडायचा डबा. प्रत्येक माइकला एक बटण. बटण फार चढवलं की लाल दिवा लागतो आणि आवाज फाटतो. फाटलेला आवाज काही केल्या शिवता येत नाही.

घाई पंचफुलाआजींच्या दातांची होती. ऑफिसातल्या दीपालीच्या या आजी, किल्लारीच्या भजनी मंडळातला मुख्य गळा. उरलेले सगळे दात दुसऱ्याच दिवशी लातूरला काढायचे होते. दात गेल्यावर आजीच्या तोंडी 'स'चा 'फ' होईल, त्याआधी गाणी भरून घ्या, असं दीपाली आठवडाभर मागं लागली होती.

आजींच्या घरात पेटीवर गुरुपादप्पा, ढोलकीवर सुदाम, टाळ सिंधुबाईंकडे, आणि दीपाली माझ्या शेजारी. मी आजींना म्हणून बघायला सांगितलं. त्या पुटपुटल्या. जोरात म्हणा म्हटलं, तर म्हणाल्या, "आत्तापासून गळा कशाला झिजवू? खरं गाणं लागलं की म्हणते."

बाकीच्यांनीही तसंच हळू वाजवून दाखवलं, म्हणून मी चारही बटणं चढवली. खरं गाणं लागलं. पहिल्याच ओळीला चारही दिवे लाल! ओट्यावरच्या कोंबड्या उठून रस्त्यावर गेल्या.

मी घाईघाईनं बटणं उतरवू लागलो, तसे गुरुपादप्पा डब्यावर वाकले.

"माझं बटण दोनवर अन् टाळाचं सातवर? सिंधु तर परवा आली मंडळात."

मी समजावलं, की ज्याचा आवाज मोठा त्याला कमी द्यायचं आणि ज्याचा बारीक त्याला जास्त. हे मी बोलायला नको होतं. पुढच्या गाण्याला गुरुपादप्पा पेटीवरून झोपलेल्या लेकराच्या पाठीवरून फिरवावा तसा हात फिरवू लागले. सुदाम ढोलकीला नुसता कुरवाळू लागला. सिंधुबाईंचे टाळ एकमेकांना टेकेचनात. मी बटणं चढवत गेलो, आणखी चढवत गेलो. हेडफोनमध्ये मला शेजारच्या घरात शेंगा फोडल्याचा आवाज येऊ लागला.

तेवढ्यात आजी भान विसरल्या आणि त्यांनी गळा सोडला.

मी हेडफोन भिरकावला. नंतर बराच वेळ दीपालीचे नुसते ओठ हलताना दिसत होते.

आजींनी गाल दाबून धरला होता. दाढ ठणकत होती. "आता एकदाच म्हणते," त्या म्हणाल्या, "मग माझ्यानं व्हायचं न्हाई."

मी चारही बटणं पार खाली ओढली, मग थोडीशीच वर घेतली, आणि कुणाचं किती ते कुणाला दिसू नये म्हणून डब्यावर दीपालीची ओढणी टाकली. मला बसवेना. चपला घालून दारात गेलो, परत आलो, ओढणी उचलून पाहिली, परत टाकली. मग आजी म्हणू लागल्या आणि मी चपलेसकट होतो तिथंच खाली बसलो. दिवे बघायचं राहूनच गेलं. गाणं संपल्यावर पाहिलं, तर एकही लाल लागला नव्हता.

बारीक भरलेला आवाज नंतर मोठा करता येतो. मी घरी तो वर घेतला. पेटी, ढोलकी, टाळ, सगळं स्वच्छ, आणि मधोमध आजी.

दोन आठवड्यांनी मी ते गाणं घेऊन किल्लारीला गेलो. आजींनी याआधी स्वतःचा आवाज कधी ऐकलेला नव्हता. डोळे मिटून त्यांनी पूर्ण गाणं ऐकलं. मी कसं वाटलं म्हणून विचारलं.

"बाई चांगली म्हणती," त्या बोळक्या तोंडानं म्हणाल्या. "कुठली हाय रं? पर आवाज लई बारीक हाय तिचा. म्हणावं, जरा गळा फोडून म्हणत जा."

सांगतो म्हणालो.