बब्रुवानच्या आतली सभा

सभा चालवावी तर बब्रुवाननंच! दूध संस्थेचा सेक्रेटरी म्हणून त्यानं असल्या सभा निभावल्या होत्या, की पायताण हातात घेऊन आलेली माणसं चहा पिऊन घरी गेली. त्यामुळं सोलापूरच्या मनाच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "तुमच्या आत पुष्कळ जण राहतात. एक भितो, एक चिडतो, एक रडतो. कुणाला हाकलू नका, एकेकाला बोलू द्या," तेव्हा गडी खुशीतच आला.

"ह्यात काय, बाई! सभाच की ही!"

"आणि आत एक शांत माणूसही असतो. तो सगळ्यांचं ऐकतो, कशाला भीत नाही."

"म्हंजी चेअरमन!"

"तसंच समजा," बाई म्हणाल्या.

दुष्काळानं गावाचं दूध आटलं, संस्थेला कुलूप लागलं, तेव्हापासून बब्रुवानची झोप उडाली होती, घास गिळत नव्हता. दावणीला एकच म्हैस उरलेली, तिच्याही बरगड्या मोजून घ्याव्यात. संध्याकाळी व्यापारी तिला न्यायला येणार होता. द्यायची का ठेवायची, एवढंच ठरवायचं होतं, आणि तेवढंच त्याच्यानं होत नव्हतं. बायको, द्वारकाबाई, विचारून विचारून थकली.

मग दुपारी त्यानं संस्थेची खोली उघडली, पेंडीची रिकामी पोती ओळीनं अंथरली, समोर खुर्ची मांडली आणि सभा सुरू केली! एकेका पोत्यावर बसायचं आणि त्या त्या गड्याचं बोलायचं.

"इका! दावणीला मेली तर बघवंल का?" भित्रा म्हणाला.

"लेकरं तिच्या दुधावर वाढली, अन् इकतूस?" रडका पुढच्या पोत्यावरून हुंदके देऊ लागला.

"आग लागू दे त्या आभाळाला!" चिडक्यानं भिंतीला लाथ हाणली.

"पडू द्या रं मला. लई दमलोय," चौथा म्हणाला. त्या पोत्यावरून उठायला बब्रुवानला फार वेळ लागला.

"आता चेअरमननी निकाल द्यावा!" म्हणून तो खुर्चीकडं बघत बसला. आतून हूं नाही की चूं नाही. "चेअरमन! अवं चेअरमन!" आत शहाणा कुणी नाहीच की काय?

बाहेरून हरिबा घागर घेऊन चालला होता. एवढे आवाज ऐकून त्यानं घागर तिथंच टाकली आणि थेट संस्थेचे चेअरमन आबाराव यांचं घर गाठलं.

"आबा, तुमच्या माघारी सभा! चौघं तर हायतच! अन् तुमच्या नावानं बोंब चाललीया!"

आबाराव निम्मं गाव घेऊन आले. दार ढकललं, तर आत एकटा बब्रुवान, रडून लाल झालेला!

"बाकीचे कुठं पळाले?"

"हितंच हायत, आबा." बब्रुवाननं छातीवर हात ठेवला.

हरिबानं तरी दुधाच्या कॅनमागं वाकून बघितलं! आबाराव सवयीनं खुर्चीत बसले.

"उठा, आबा! ती माझ्या आतल्या शहाण्याची जागा हाय!"

"आला का त्यो?"

"न्हाय वो."

बब्रुवाननं सगळं सांगितलं. कुणी हसलं नाही. हरिबानं विचारलं, "भित्र्याचं पोतं कंचं?" आणि तो त्यावर जाऊन बसला. मग दुसरा बसला, तिसरा बसला, ढकलाढकली सुरू झाली. "सरका की! तुम्हालाच भ्या वाटतंय व्हय?" शेवटी आबारावही खुर्चीतून उठले. "मला बी वाईच जागा द्या," म्हणाले.

तेवढ्यात द्वारकाबाई धापा टाकत आली. "म्हस बसली! उठंना! माणसं चला उचलाय!" तिनं पोत्यांकडं बघितलं. "आतली नगंत. भाईरली चला!"

सगळे पळाले. पोटाखालनं दोर घातले, वासे लावले. "हां, जोर लावा!" म्हैस लटपटत उभी राहिली! पोरासोरांनी टाळ्या पिटल्या. बब्रुवानच्या छातीत कितीतरी महिन्यांनी काहीतरी निवांत झालं, आणि तो खणखणीत आवाजात बोलला, "ठेवायची! सांगा त्या व्यापाऱ्याला, म्हस देत न्हाय!"

म्हशीनं गुडघे मोडले. एकदा लांब श्वास घेतला आणि मान टाकली.

द्वारकाबाई पदर तोंडाला लावून खाली बसली. आबारावांनी टोपी काढली, घसा खाकरला आणि हळूच म्हणाले, "ठराव बरूबर हुता, बब्रुवान. जरा उशीर झाला, एवढंच."