हीटरवाली गाडी

श्रीहरीनं शब्द देऊन टाकला होता की वामनराव गुरुजींना नवरगावहून सिंदेवाहीला आणताना थंडी म्हणून लागू देणार नाही. आता हा शब्द काही असातसा नव्हता. गुरुजी त्याचं घर-दुकान बघायला येणार होते आणि त्यांना पसंत पडलं, तरच त्यांची लेक सत्यशीला त्याच्या घरी येणार होती. एस.टी.नं आले असते तर काय बिघडलं असतं? पण श्रीहरी जळालेले पंप दुरुस्त करणारा माणूस. त्या हिवाळ्यात त्यानं भंगारातल्या जीपला ट्रकच्या बॅटऱ्या आणि एक मोटर जोडून ती चालती केली होती. असली गाडी होणाऱ्या सासऱ्याला नाही दाखवायची, तर कुणाला?

जानेवारीतली सकाळ होती. कानटोपी, मफलर, दोन स्वेटर आणि वर घोंगडी अशा थाटात गुरुजी बसले. थंडीला ते फार भ्यायचे, चौकशीला मात्र अजिबात नाही.

"हे आवाज काऊन नाई करत?"

"इंजिनच नाई जी, गुरुजी. बॅटरीवर चालून राह्यली."

"मंग गरम कशी होते? आमच्या पाटलाच्या जीपमंदी तं पाय भाजतात."

"इंजिन नाई तं गरमी नाई. म्हणून हे लावलं."

श्रीहरीनं बटण दाबलं. पायाशी शेगडीची कॉइल लालबुंद झाली, गुरुजींचा चेहरा खुलला आणि गाडी रेंगाळायला लागली.

"आता हळू काऊन झाली?"

"कॉइल बी त्याच बॅटरीवर आहे ना जी."

"म्हणजे शेकलं तं चालत नाई, अन् चालली तं शेकत नाई?" गुरुजींनी बटण बंद केलं, चालू केलं, पुन्हा बंद केलं. "भलतीच मजा आहे गा!"

श्रीहरी मनात उरलेली बॅटरी मोजू लागला.

सिंदेवाहीच्या अलीकडच्या फाट्यावर कामावर निघालेले मंगरू, डोमा आणि आणखी चार-पाच जण शेकोटीशी बसले होते. पेटती शेकोटी बघून न थांबता पुढे जाणारा माणूस या भागात अजून जन्माला यायचाय. गुरुजी उतरले. चला, तेवढीच बॅटरी वाचली, म्हणून श्रीहरी खूश झाला. पण मंगरूची नजर गाडीवर गेली.

"आवाज नाई, धूर नाई. चालते कशी जी?"

झालं! गुरुजींमधला मास्तर जागा झाला. "या, दाखवतो," म्हणत त्यांनी बटण दाबलं. शेकोटी सोडून सगळी मंडळी गाडीच्या दोन्ही बाजूंनी उकिडवी बसली आणि हात आत घालून शेकू लागली. डोमा तर शेकोटीतलं लाकूडच घेऊन आला.

"हे कुठी टाकू जी? दुसऱ्याच्या आगीवर फुकट कसं शेकाव?"

"बंद करा जी, गुरुजी!" श्रीहरी कळवळला.

"थांब ना गा. मंगरूचा दुसरा हात राह्यला."

मंगरूचा दुसरा हात शेकून होईस्तोवर कॉइल काळी पडली. गुरुजी वाकून बघू लागले. "आता लाल काऊन नाई होत?"

बॅटऱ्या पार उतरल्या होत्या. मंगरू-डोमानं पहिल्या वळणापर्यंत गाडी ढकलली आणि ते आपल्या कामाला गेले. पुढं श्रीहरी बाजूनं स्टेअरिंग धरून ढकलत होता आणि मागून खुद्द गुरुजी. आधी घोंगडी गाडीत पडली. मग मफलर, कानटोपी, एक स्वेटर, दुसरा स्वेटर. गेली सत्यशीला हातची, असं श्रीहरी मनाशी म्हणत होता. मागं वळून बघायचीही त्याची हिंमत नव्हती.

दारात त्याची आई, अंजनाबाई, वाट बघत उभी होती. "जय भीम, गुरुजी. लय थंडी लागली असन ना जी?"

श्रीहरीनं मान खाली घातली.

"थंडी?" गुरुजींनी कपाळावरचा घाम निपटला. "सदरा पाहा, बाई, पिळून काढा लागते. पोरगा शब्दाचा पक्का आहे. पोरगी दिली!"

अंजनाबाई साखर आणायला आत धावल्या.

"फक्त लग्न मे महिन्यात करू," गुरुजी म्हणाले. "तवा हीटर लागत नाई. गाडी पळन."

"हो जी, हो जी!"

घाम वाळवायला गुरुजी दुकानातल्या टेबलफॅनसमोर बसले. थोडा वेळ ते फिरणाऱ्या पात्यांकडे टक लावून बघत राहिले.

"श्रीहरी, हा पंखा गाडीत बसते का गा?"

श्रीहरीनं पंखा बंद केला, उचलला आणि आत नेऊन कपाटात ठेवून कुलूप लावलं.